आमची वाटचाल : आधी दम, मग ठिणगी, मग पेट्रोल

"गाडी मिसिंग मारतीय, कार्बोरेटर साफ करून द्या." पेट्रोलचा जुना ट्रक आमच्या दारात आला की ड्रायव्हर बहुतेक हेच सांगतो. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, आणि कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग. आमचं गॅरेज आजवर टिकलं, कारण हे ऐकून आम्ही कधी लगेच कार्बोरेटर खोलायला घेतला नाही.

गॅरेज सुरू केलं अप्पांनी, सत्तरच्या दशकात, होटगी रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्याआधी ते एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हेल्पर होते. पुणे-हैदराबाद रस्ता आणि विजापूरचा रस्ता सोलापुरात मिळतात. सूत, चादरी, मार्केट यार्डातला कांदा असा माल सतत हलत असतो, त्यामुळे मिस्त्रीच्या हाताला इथं काम कमी पडत नाही. डॉज, फार्गो, बेडफोर्ड हे पेट्रोलचे ट्रक तेव्हा अजून रस्त्यावर होते. डॉज आणि फार्गो मुंबईत जोडणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. अप्पांना याचा मोठा अभिमान. नवा पोरगा कामाला लागला की फार्गोच्या बॉनेटवर हात ठेवून ते त्याला हे आधी सांगायचे, पाना मग द्यायचे.

पण जमशेदपूरला १९५४ पासूनच टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बनत होते, आणि पुढं पेट्रोलचं काम आटत गेलं. पोटासाठी आम्हीही डिझेल धरलं. क्लच, ब्रेक, हाफ इंजिन, सगळं केलं. आजूबाजूच्या लोकांनी जुनं सामान भंगारात घातलं, तरी अप्पांनी कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज आणि टायमिंग लाइट जपून ठेवले. आज पेट्रोल ट्रकांचं हेच काम आमची ओळख आहे. आजोबांचा ट्रक पुन्हा चालता करायचा म्हणून नातू येतात, जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून येतात.

अप्पांची शिकवण एवढीच, "आधी दम बघ, मग ठिणगी, मग पेट्रोल." दम म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरात हवा किती जोरात दाबली जाते ते. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा धरायचा आणि एकेका सिलिंडरचं प्रेशर लिहून काढायचं. एक सिलिंडर कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायचं. प्रेशर चढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढलं तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असले तर हेड गॅसकेट दोघांच्या मधे फुटलेली असण्याची शंका घ्यायची. दमच नसेल तर कार्बोरेटर नवा बसवूनही पैसे वाया जातात.

मग ठिणगी. डॉज-फार्गोच्या सहा सिलिंडरी इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) गॅप वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सर तपासायचा. गार असताना तो नीट चालतो आणि तापला की दगा देतो, म्हणून तपासणी गरम इंजिनावरच. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी चीर असते, ती उजेडात दिसत नाही. अंधार करून इंजिन चालवलं की तिथून ठिणगी पळताना दिसते.

बार्शी तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचा फार्गो आमच्याकडे आला, तो प्रकार नीट सांगतो. जागेवर उभा राहून इंजिन नुसतं चालू असलं, म्हणजे आयडलिंगला, की ट्रक थरथरायचा, रस्त्याला लागला की बरा चालायचा. इतर ठिकाणी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलून झाला होता, नवी किटही टाकली होती. आम्ही प्लग काढून क्रमाने फळीवर मांडले. पहिले चार तपकिरी, पाचवा आणि सहावा पांढरेफटक. पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोल कमी, हवा जास्त. दम सहाही सिलिंडरांचा सारखा. ठिणगी सगळीकडे चांगली, टायमिंगही बरोबर. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढली, तर पाच आणि सहाच्या वायरीने आवाजात काही फरकच पडेना. म्हणजे ते दोघं आयडलिंगला कामच करत नव्हते.

या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून इनटेकचं, म्हणजे पेट्रोल-हवा आत यायचं, एक तोंड असतं. कार्बोरेटर मात्र सहाही जणांना एकच. दोष त्याचा असता तर फक्त मागच्या जोडीला त्रास कसा झाला असता? मग इंजिनाची आतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. पुस्तकात आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिलेले असतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, म्हणून इथं सुमारे दीड इंच कमीच दिसतं. हे ध्यानात घेतलं नाही तर धडधाकट इंजिनही आजारी वाटतं. या ट्रकची सुई त्याहूनही बरीच खाली, पण स्थिर होती. ब्रेक बूस्टरची नळी चिमटून बघितली, काही बदल नाही. मग मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मागच्या जोडावर थोडं पाणी शिंपडलं, आणि क्षणभर इंजिन सुतासारखं सरळ चाललं.

हवा तिथूनच शिरत होती. आयडलिंगला थ्रॉटल मिटलेला असतो, आत ओढ जास्त असते, म्हणून छोटी फटही भारी पडते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि दोष झाकला जातो. रस्त्यावर ट्रक बरा वाटायचा तो यामुळे. मॅनिफोल्ड वाकला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून तो फेसिंग करून, म्हणजे सपाट करून, आणला, नवी गॅसकेट घातली, नट मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने आवळले. ज्या मिक्श्चर स्क्रूला आधी कुणी किती फिरवला तरी फरक पडत नव्हता, तो आता पाव आट्यालाही प्रतिसाद देऊ लागला. त्या कुटुंबातल्या आजींनी ट्रकचा आवाज ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या धंद्यात आम्हाला याहून मोठी कमाई माहीत नाही.

कार्बोरेटर कधीच दोषी नसतो असं मात्र नाही. सोलापूरचा एप्रिल-मे वेगळाच असतो. पारा ४० च्या वर गेला की पेट्रोल ओढणाऱ्या पंपात आणि एक्झॉस्टजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी चढावर अडखळते. तिथं पाइप लांबून फिरवणं आणि मधे पत्रा लावणं हाच खरा इलाज. शिवाय २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, उसाला भाव मिळावा असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जुन्या पंपाचा रबरी डायफ्रॅमही त्याने फुगतो. तो आम्ही आधी बदलतो, आणि मिश्रण नव्याने बसवतो.

आता गॅरेज माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे आहे. आमचे मिस्त्री घरी कुणी तेलुगू बोलतात, कुणी कन्नड, शेडमध्ये सगळ्यांची मराठी. प्रत्येक इंजिनाची वही ठेवतो, त्यात दम, गॅप, टायमिंग, व्हॅक्यूम सगळं लिहिलेलं. तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि ते आधी सांगतो. बदललेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत देतो.

ट्रक आणणार असाल तर दोन गोष्टी करा. शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे सकाळी गार इंजिन कसं सुरू होतं ते आम्हाला ऐकता येईल. आणि प्लग काढून, पुसून, घासून आणू नका. आम्हाला ते आहेत तसेच बघायचे असतात.