मंगळवारी कुसकुस मिळत नाही

दाराबाहेरच्या लाल कापडी छतावर हातभर अक्षरांत ‘कुसकुस’ लिहिलंय. आत जाऊन बसलं की कळतं, कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा आणि त्यावर रस्सा हे उत्तर आफ्रिकेतलं जेवण, फक्त शुक्रवारी. मग बाहेर एवढं मोठं लिहून कशाला ठेवलंय, असं मी विचारलंच. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “शुक्रवार दर आठवड्याला येतो.”

पॅरिसमधल्या मेनिलमाँताँ मेट्रो स्टेशनवरून वर चढत गेलं की ही खानावळ लागते. पर्यटक या बाजूला फार तर पेर लाशेझची दफनभूमी बघायला येतात आणि परत फिरतात. आम्ही, म्हणजे मी आणि मावशी, इथे आलो कारण राहायची खोली इथेच स्वस्त मिळाली होती. आत जस्ताच्या पत्र्याचा जुना काउंटर, फळ्यावर खडूने लिहिलेले दिवसाचे पदार्थ: मेयोनेज घातलेली उकडलेली अंडी, स्टेक आणि फ्राइज, क्रेम कॅरॅमल. अगदी फ्रेंच. भिंतीवर मात्र अल्जेरियातल्या काबिली लोकांच्या डोंगरांचा मोठा फोटो आणि काउंटरवर पुदिन्याची जुडी.

त्या मंगळवारी मावशीने फ्राइज आणि पाव खाल्ला. मांस नाही, मासे नाहीत, अंडंही चालत नाही, हे मी पुण्यात गिरवलेल्या फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाचा चेहरा आम्ही कुठल्या तरी आजाराची लक्षणं सांगत असल्यासारखा झाला. “एवढ्यासाठी का गं विमानात बसले?” मावशी फ्राइज मोजत म्हणाली. ती साताऱ्याची आहे. हळू आवाजात बोलणं तिला माहीत नाही.

बाईंना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्या टेबलापाशी आल्या, मावशीच्या ताटाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “शुक्रवारी हिला घेऊन या. साडेबाराला. उशीर करू नका.” हे आमंत्रण नव्हतं, हुकूम होता. आणि आम्ही शुक्रवारी व्हर्सायला जायचं ठरवलं होतं.

बुधवारी आयफेल टॉवर, गुरुवारी पाऊस. व्हर्साय रद्द झालं. माझ्या जिवाला लागलं, मावशीला काहीच वाटलं नाही. “राजवाडे आपल्याकडे काय कमी आहेत? त्या बाई वाट बघत असतील,” म्हणाली.

बेलव्हिलच्या बुलवारवर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बाजार भरतो. रस्त्याच्या मधोमध दोन मेट्रो स्टेशनांच्या दरम्यान सलग मांडव. मला गर्दी सोसत नाही आणि तिथे माणूस चालत नाही, ढकलला जातो. दुपार व्हायला लागली की विक्रेते भाव पाडत ओरडतात. मावशी तिथे एकदम खुलली. भाषा न येता तिने एक युरोत कोथिंबिरीच्या दोन जुड्या मिळवल्या. खोलीवर गॅस नव्हता, तरी.

साडेबाराला पोचलो तर एकही टेबल रिकामं नव्हतं. फळ्यावर दोनच मुख्य पदार्थ होते: कुसकुस आणि मासा. शुक्रवारी मासे खायची ही फ्रान्समधली जुनी कॅथलिक पद्धत, आणि शुक्रवारी कुसकुस म्हणजे जुम्म्याचं जेवण. एका फळ्यावर दोन्ही धर्मांची सोय. आमच्यासाठी कोपऱ्यातलं टेबल मात्र राखून ठेवलं होतं.

कुसकुस रोज का करत नाहीत, ते बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच दाखवलं. मोदकपात्रासारखं उंच दुमजली भांडं: खाली रस्सा शिजतो, वर भोकांच्या भांड्यात त्याच्या वाफेवर रवा. एकदा वाफवला की तो परातीत उपडा करायचा, गरम असतानाच पाण्याचा हबका मारायचा, तेलाचा हात लावून गुठळ्या बोटांनी मोडायच्या, परत वाफेवर चढवायचा. हे दोन-तीनदा. बाईंचे तळवे लालबुंद झाले होते. पाकिटातला रवा गरम पाण्यात भिजवून पाच मिनिटांत कुसकुस म्हणून खपवणाऱ्या हॉटेलांबद्दल त्या जे बोलल्या, ते मला पूर्ण कळलं नाही आणि कळलं तेवढं लिहिता येणार नाही.

माझ्यासमोर रव्याचं ताट वेगळं आलं, रश्शाचं मोठं वाडगं वेगळं: गाजर, सलगम, झुकिनी, छोले. बाजूला मर्गेझ, म्हणजे बोटभर जाडीचे मेंढीचे लालभडक सॉसेज. मी हरिसा, ती मिरचीची लाल चटणी, थेट रव्यावर घ्यायला गेले तेव्हा शेजारच्या टेबलावरचे आजोबा न राहवून वाकले. त्यांनी माझा डाव घेतला, त्यात गरम रस्सा भरला, चटणी त्यात कालवली आणि ते तिखट पाणी रव्यावर गोल फिरवून ओतलं. प्रत्येक घास तिखट, पण जाळणारा एकही नाही. आजोबा ट्युनिशियाचे निघाले. कुसकुस खरा माशाचा, हे अल्जेरियन लोकांना कधी कळणार, असं ते बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया यांच्या कुसकुसची एकत्र नोंद झाली. इथे दोन टेबलांत एकमत नव्हतं.

आणि मावशीचं ताट. रस्सा मटणावरच शिजतो, भाज्याही त्यातल्याच, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. इतर ठिकाणी ‘शाकाहारी कुसकुस’ म्हणून नुसतं मटण बाजूला काढून देतात, याची मला खात्री आहे. मावशीसाठी त्यांनी अमेकफुल केलं होतं. काबिली घरातला पदार्थ. मटार, बाकला, गाजर, फरसबी वेगळ्या भांड्यात नुसत्या वाफेवर उकडायच्या, रव्यात मिसळायच्या आणि वरून ऑलिव्हचं तेल सढळ हाताने. रस्सा नाहीच. सोबत काय, तर पेलाभर ताक.

मावशीने ताकाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, मीठ मागितलं. बाईंनी मीठदाणी आणली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या, एवढ्या गर्दीत. हे दुकान त्यांच्या सासऱ्यांनी एका ओव्हेर्न्यच्या, म्हणजे मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ भागातल्या, माणसाकडून घेतलेलं. पॅरिसची कित्येक कॅफे अशीच ओव्हेर्न्यवाल्यांकडून काबिलींकडे आली: खाली गल्ला, वर कामगारांना भाड्याच्या खोल्या. अल्जेरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, पण काबिली लोक पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून फ्रान्समध्ये मजुरीला येत होते. मी मावशीला हे मराठीत सांगत होते आणि मावशी मान डोलावत बाईंना स्वतःच्या सासऱ्यांबद्दल सांगत होती, मराठीतच. मला कुणी भाषांतर करायला सांगितलं नाही.

रवा संपत आला की न विचारता पुन्हा वाढतात, रस्साही. त्याचे वेगळे पैसे नाहीत. बिलात माझे चौदा युरो होते, मावशीचं ताट नव्हतंच. फळ्यावर नाही ते बिलात नाही, म्हणाल्या. पुदिन्याच्या चहाचे मात्र घेतले, दोघींचेही. मावशीने कोथिंबिरीची एक जुडी काउंटरवर ठेवली, ती निमूटपणे आत गेली.

जाणार असाल तर शुक्रवारी एकच्या आत जा, दोननंतर खुर्च्या उलट्या टेबलावर चढतात. आणि गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर आधीच सांगून ठेवा: संडास तळघरात आहे, जिना गोल, पायऱ्या अरुंद, दिवा आपोआप विझतो. मावशी खाली उतरली आणि अंधारातून माझ्या नावाने अशी ओरडली की ट्युनिशियाचे आजोबा घास टाकून उठले.