कालवड का गोऱ्हा

झोप येत नाही. पाठ धरलीय, पण ते नेहमीचंच.

परवा दुपारी फोन आला. "डॉक्टर, वासराचा पाय मोडलाय." आवाज कोवळा होता. मी विचारलं, "कालवड का गोऱ्हा?" पलीकडे जरा शांतता. मग, "कालवड."

तासाभराने छोटा हत्ती दारात आला. मागे पोत्यांवर वासरू आणि त्याचं डोकं त्या पोराच्या मांडीवर. शेपूट उचलून बघायचीही गरज नव्हती. गोऱ्हा. मी काही बोललो नाही. तोही चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सहावी-सातवीत असेल.

तेवढंच झालं. पण मी पहिल्यांदा तेच का विचारलं? कोणता पाय, हाड कातडीबाहेर आलंय का, वासरू किती दिवसांचं, चीक पोटभर मिळाला होता का, हे सगळं मागे राहिलं. चिकाचं तर आधी विचारायला हवं. चीक न मिळालेल्या वासराच्या जखमेत पू व्हायला वेळ लागत नाही, आणि गोऱ्ह्याच्या वाटचा चीक खरवस होऊन कुठं जातो ते मला ठाऊक आहे. (इथे मिळाला होता. पोरानेच पाजला होता, बाटलीने.)

पंधरा दिवसांचं वासरू. कांद्याच्या काट्यावर अडतीस किलो. मागचा उजवा पाय, नडगीचं हाड तिरकं मोडलेलं. गाईचाच पाय पडला होता. आतल्या बाजूला नडगीवर मांस जवळपास नसतंच, हाडाचं टोक कातडीला टेकलं होतं. अजून दोन धक्के बसले असते तर बाहेर आलं असतं. पुढच्या पायाची नळी असती तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. नडगीला ते चालत नाही. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरले तर प्लास्टरचा उपयोग, आणि नडगीच्या वरचा सांधा कुशीला लागून असतो, तिथे प्लास्टर टिकत नाही. घसरतं आणि मोडलेल्या जागेवरच लोंबतं. म्हणून पिना. दोन वर, दोन खाली, हाडातून आरपार, बाहेरून दोन्ही बाजूंना दांड्या.

गुंगीला झायलाझिन, पॉइंट दोन मिलीसुद्धा नाही. घोड्याच्या हिशेबाने गाईच्या जातीला दिलं तर जनावर उठायचं नाही. मागचा भाग बधिर करायला कमरेत लिग्नोकेन. ड्रिल हळू फिरवायचं, वरून सलाइनची धार. घाई केली की हाड जळतं, आणि जळलेल्या हाडात पिन सैल होते. कोवळ्या वासराच्या हाडात पिन उसाच्या कांड्यात गेल्यासारखी जाते. प्लेट बसवली तर स्क्रू धरत नाहीत. पण जुळतंही तेच लवकर, चार ते सहा आठवड्यांत. वरची पिन गुडघ्याजवळच्या वाढीच्या चकतीत घुसू नये म्हणून दोनदा एक्स-रे काढला.

अडीच तास ओणवा होतो. आजोबा बाहेरून दोनदा म्हणाले, "डॉक्टर, गोऱ्हाच हाय, लई नका घालू त्यात." मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हिशेब मीही केला होता. नांगर ट्रॅक्टरने घेतला, 2015 पासून बैल कापायलाही बंदी, दूध तर तो देणार नाही. एवढी पाठ मोडून मी दुरुस्त काय केलं? आणि याचे पैसेही... जाऊ दे. घरी सीमा विचारेल तेव्हा बघू.

पण ते पोर. त्याला कसं कळलं की गोऱ्हा म्हणायचं नाही? माझ्या आधी कुणाला तरी त्याने खरं उत्तर दिलं असणार. त्या कुणीतरी "बघतो" म्हणून फोन ठेवला असणार. हे सुचल्यावर मला जरा बरं वाटलं, त्या दुसऱ्याला शिव्या घालता आल्या. मग आठवलं, त्याच वस्तीवरून मागच्या पावसाळ्यात मलाही एक फोन आला होता. तेव्हा मी...

नको.

तसं बघितलं तर मी कोण मोठा साधू? बहुतेक कालवडीच होतील असं वीर्य आठवड्यातून चारदा मीच गाईंना भरतो. गाभण राहिल्याचा पेढा आवडीने खातो. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरगं तुझ्यापेक्षा हुशार निघालं, फी कमी घे. तेवढी घेतलीच आहे.

आज त्याने व्हिडिओ पाठवला. वासरू उभं आहे, खूर जेमतेम टेकवतंय, दांड्यांवर कुणीतरी लाल कापड गुंडाळलंय. ते आधी काढायला सांगितलं, खाली पिनेच्या भोकाशी ओल धरते. मागून तो हाक मारतोय, "सोनी, ए सोनी."

नोंदवहीत फोन चालू असतानाच लिहून ठेवलं होतं. छापील रकानेही त्याच क्रमाने आहेत: जनावर, लिंग, वय, आणि मग तक्रार. तिथे अजून कालवडच आहे. खोडायला हवं.