पायरीच्या कडेवरचे बारा आठवडे

कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवते, आणि धावण्याचा हिशेबही गेली सहा वर्षे एका लांबट वहीत त्याच शिस्तीने लिहीत आले आहे. 19 जानेवारी 2025 रोजी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी, म्हणजे पूर्ण 42.195 किलोमीटरसाठी, मी नाव नोंदवले तेव्हा या वहीचा मला फार आधार वाटत होता. आठवड्याला साधारण 50 किलोमीटर, त्यात एकदम वाढ कधीही नाही, रविवारी लांब पल्ला आणि सोमवारी विश्रांती असे सगळे काही रकान्यांत नीट बसलेले होते. तरीही सप्टेंबरच्या अखेरीस उजव्या टाचेच्या मागे, टाचेच्या हाडापासून चारएक बोटे वर, काहीतरी आखडल्यासारखे वाटू लागले.

हे दुखणे फार कावेबाज असते, असे आता मी अनुभवाने म्हणू शकते. सकाळी पलंगावरून उतरून मोरीपर्यंत जाताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. पाच-सात मिनिटांनी शीर मोकळी होई. धावायला सुरुवात केली की पहिला किलोमीटर कुरकुर चाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला दुखणे नाहीसे होई. जे दुखणे धावल्यावर थांबते, ते धावण्यामुळे झाले आहे असे कोणाला वाटेल? मी तर त्याचा उलटाच अर्थ लावला आणि दुखणे घालवण्यासाठी धावत राहिले. धावण्याच्या ग्रुपमध्ये कोणालाही काही सांगितले नाही. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही टेकडी चढून जातात, त्यांनी एकदा माझ्या चालण्याकडे बघून, "पाय लपवताय का हो?" असे विचारले होते. नवे बूट चावताहेत, असे मी त्यांना ठोकून दिले.

20 ऑक्टोबरच्या रविवारी 28 किलोमीटर धावले आणि सोमवारी सकाळी उजवा पाय जमिनीवर टेकवेना. पोटरीपासून टाचेकडे येणारी ती जाड दोरीसारखी शीर चिमटीत धरून पाहिली, तर एका ठिकाणी चिंचोक्याएवढा फुगवटा लागला आणि बोटांखाली बारीक करकर जाणवली. त्या दिवशी बारावीच्या वर्गात मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून शिकवले.

सासूबाईंनी तेल कोमट करून दिले, शेजारणीने मिठाच्या पुरचुंडीने शेक घ्यायला सांगितले, आणि ग्रुपमधल्या एकाने "एक इंजेक्शन घ्या, आठ दिवसांत पळाल" असा सल्ला दिला. तेल आणि शेक यांनी बरे वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. इंजेक्शनचे मात्र फिजिओथेरपिस्ट मॅडमपुढे नुसते नाव काढले, तर त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. स्टिरॉइडने वेदना काही आठवडे दबते, पण कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी ही दोरीसारखी शीर, कमकुवत होऊन तुटण्याचा धोका राहतो. आणि वेदना नाही म्हणून तुम्ही धावणार, तेव्हा तो धोका तुम्हीच वाढवणार, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी मला एक अनपेक्षित प्रश्न विचारला, की गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे एखादे प्रतिजैविक घेतले होते का. मी घेतले नव्हते. या गटातल्या औषधांनी कंडरांना, त्यातही टाचेमागच्या कंडरेला, इजा होऊ शकते आणि 2008 पासून अमेरिकेत त्या औषधांवर तसा ठळक इशारा छापलेला असतो, हे मला तेव्हा कळले. धावणाऱ्यांपैकी कितीजण पोट बिघडल्यावर घरातली उरलेली गोळी घेतात हे मला ठाऊक असल्यामुळे ही माहिती इथे मुद्दाम देते.

निदान झाले ते अकिलिस टेंडिनोपथीचे, म्हणजे टाचेमागच्या कंडरेच्या दुखण्याचे. पूर्वी याला टेंडिनायटिस, म्हणजे कंडरेची सूज, म्हणत असत. पण अशा जुनाट दुखण्यात सूज आणणाऱ्या पेशी फारशा आढळत नाहीत. असतो तो कंडरेच्या तंतूंचा बिघाड. चांगल्या सुंभाचे पीळ सुटून विस्कटावेत तसे ते तंतू विस्कटतात. टाचेच्या हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात रक्तपुरवठाही बेताचाच असतो. म्हणूनच स्नायू ज्या वेगाने भरून येतो, त्या वेगाने कंडरा भरून येत नाही, आणि नुसती विश्रांती घेऊनही भागत नाही, कारण भार न मिळालेली कंडरा अधिकच दुबळी होते. पूर्ण विश्रांती नको आणि मनमानी भारही नको, अशा या अडचणीत मला पुढचे तीन महिने काढायचे होते.

"एवढी नीट वही ठेवता, तर ती दाखवा," असे मॅडम म्हणाल्या, आणि मी ती मोठ्या विश्वासाने पुढे केली. त्यांनी विचारले, "यात चढ कुठे आहे?" चढाचा रकानाच नव्हता. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि तोच घाट उतरून परतायचे अशा एकवीस किलोमीटरसाठी, मी जूनपासून आठवड्यातले दोन दिवस सपाट रस्ता सोडून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर धावत होते. किलोमीटर तेवढेच राहिले होते. पण चढावर टाच पंज्याच्या खाली राहते, कंडरा ताणली जाते आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच तिला शरीर वर ढकलावे लागते. त्यात ऑगस्टमध्ये मी बूट बदलले होते. जुन्या बुटांत टाच पंज्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच होती, नव्यात चारच. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे मला वाटले होते. दर पावलाला तो फरक कंडरेच्याच खात्यावर पडत होता. एकेरी नोंद पद्धती अपूर्ण का असते, हे मी वीस वर्षे मुलांना फळ्यावर लिहून शिकवते, आणि स्वतःच्या वहीत मात्र मी एकच बाजू लिहीत आले होते. मॅडमना यातला विनोद कळला नाही. मला कळला आणि फारसे हसू आले नाही.

उपचार म्हणून मिळाला तो जिना. पायरीच्या कडेवर फक्त पंजे टेकवून, टाचा मागे अधांतरी ठेवून उभे राहायचे. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश न्यायची. वर येताना दुखऱ्या पायाने जोर लावायचा नाही, ते काम चांगल्या पायाचे. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेर, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन फेर, आणि हे सगळे सकाळ-संध्याकाळ. एका दिवसाचे 180 झाले, आणि बारा आठवड्यांचे 15,120.

ही पद्धत स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना स्वतःलाच हे दुखणे झाले होते. शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा कंडरा तुटेल इतका तिला त्रास द्यायचा, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा वैतागाने त्यांनी टाचा खाली सोडण्याचा सपाटा लावला, आणि ती तुटण्याऐवजी बरी झाली, अशी या पद्धतीच्या जन्माची कथा सांगितली जाते. 1998 साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा धावू लागले होते. पंधरा माणसांचा अभ्यास लहानच म्हणायचा, आणि हा व्यायाम करूनही सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. आठवड्यातून तीनदा जास्त वजन घेऊन सावकाश टाचा उचलण्याची दुसरी एक पद्धत 2015 च्या एका अभ्यासात तितकीच उपयोगी ठरली आहे. पण आमच्या इमारतीत जिना फुकट होता आणि व्यायामशाळेची वर्गणी मला भरायची नव्हती.

24 ऑक्टोबर, गुरुवार, हा पहिला दिवस. संध्याकाळी दिनदर्शिका पाहून मी मोजणी केली, तेव्हा चौऱ्याऐंशीवा दिवस 15 जानेवारीला येत होता आणि शर्यत होती 19 तारखेला. चार दिवसांचा हा योगायोग माझ्या डोक्यात इतका भिनला, की बारा आठवडे संपले म्हणजे कंडरा कर्जफेड केल्याचा दाखला हातात देईल आणि मी मुंबईला जाऊन धावेन, असे मी मनाशी धरूनच चालले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही कडांना पणत्या होत्या. मला हवी असलेली पायरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची, कारण तिथे कठडा हाताशी येतो. नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, दोन पणत्यांच्या मधोमध पंजे रोवून मी "अकरा, बारा, तेरा" मोजत होते. वरून फराळाचे ताट घेऊन उतरणाऱ्या शेजारच्या काकू थांबल्या, माझी टाच खाली जाईपर्यंत थांबल्या, आणि "हा कुठला उपास गं?" असे विचारून पुढे गेल्या. त्या दिवशी दुखत होते, चांगलेच दुखत होते. या व्यायामात थोडे दुखणे चालते, हेच पचवायला मला सर्वांत कठीण गेले. शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेपणा वाढलेला नसावा, हा नियम. मग वहीत नवा रकाना आखला, पलंगावरून उतरल्यावरच्या पहिल्या दहा पावलांना दिलेल्या गुणांचा. पहिल्या आठवड्यात तिथे सहा-सात असे आकडे आहेत; नोव्हेंबर संपताना तीन, कधी चार.

सहाव्या आठवड्यात नुसत्या वजनाने दुखेनासे झाले, तेव्हा पाठीवर भार घ्यायला सांगितले गेले. मी कॉलेजच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी घातली. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, तो आंबेमोहोर आहे! जिन्यात सांडलीस तर वेचायला मी येणार नाही." दुसऱ्या दिवशीपासून माझ्या पाठीवर रेशनचा तांदूळ आला.

मधल्या काळात पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात धावले. पुण्याच्या डिसेंबरमधले पाणी आणि शेजारच्या पट्ट्यात पोहायला शिकणारी सहा वर्षांची मुले, जी मला बुडणारी बाई समजत होती, याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दम टिकला, एवढेच.

ज्या हिशेबाने मला खऱ्या अर्थाने थांबवले तो मी डिसेंबरमध्ये एका रविवारी, सगळा ग्रुप बत्तीस किलोमीटर धावायला गेलेला असताना, चिडून मांडला. माझा वेग किलोमीटरला सात मिनिटे, मिनिटाला पावले 168. म्हणजे एका किलोमीटरला 1,176 पावले, त्यांतली निम्मी उजव्या पायाची, 588. ऑक्टोबरमधल्या त्या 28 किलोमीटरांत माझा उजवा पाय 16,464 वेळा जमिनीवर पडला होता. जिन्यावरच्या बारा आठवड्यांच्या सगळ्या आवर्तनांपेक्षा ही संख्या मोठी होती, आणि हे सारे सव्वातीन तासांत झाले होते. शिवाय धावताना या कंडरेवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट असतो, तर जिन्यावर मी तिला सावकाश, थांबत-थांबत काम देत होते. 42 किलोमीटरांचा आकडा काढला नाही. वही मिटली.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे सुरू झाले, तेही दर तिसऱ्या दिवशी. कारण धावल्यानंतरच्या पहिल्या दीडएक दिवसात कंडरेत नवे तंतू बनण्यापेक्षा जुने मोडण्याचेच प्रमाण जास्त असते आणि दुरुस्तीला मधले अंतर लागते. 12 जानेवारीला मी न थांबता पाच किलोमीटर धावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रकान्यात एक लिहिले. 15 तारखेला मॅडमना भेटून, "हाफला जाऊ का?" असे विचारायचे मी ठरवले होते, आणि दारात पोहोचेपर्यंत ते विचारायचे नाही असेही ठरले होते. नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत आणि नाव दुसऱ्याला देता येत नाही. ती रक्कम बुडीत कर्जात टाकली.

मुंबईला गेले मात्र. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, 35 किलोमीटरच्या आसपास, पाय रिकामे झालेले असताना समोर येतो. तिथे पदपथावर सोललेल्या संत्र्यांचा डबा आणि मिठाची पुडी घेऊन मी उभी राहिले. अनोळखी माणसे फोडी उचलून "थँक यू दीदी" म्हणत गेली. आमचे काका आले ते अगदी कडेने, चढावर चालत. त्यांनी फोड घेतली, मीठ लावले, आणि माझ्या तोंडाकडे न बघता आधी माझ्या उजव्या पायाकडे बघितले. "टेकतोय का नीट?" त्यांनी विचारले. टेकतोय, मी म्हणाले. "मग बरं," असे म्हणून ते वरच्या वळणाकडे गेले.

संध्याकाळी दादरला डेक्कन क्वीनला अजून वेळ होता. पुलाच्या जिन्याची कडेची पायरी रिकामी मिळाली. सॅकमध्ये तांदूळ नव्हता, दोन पाण्याच्या बाटल्या आणि रिकामा डबा होता. तेवढ्यावर पंधराचे तीन फेर झाले. गुडघा वाकवून करायचे राहिले होते तेवढ्यात गाडीची घोषणा झाली.