सुखाचे पारडे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी का फिरते?

अमेरिकेत १९७२ पासून ‘जनरल सोशल सर्व्हे’ नावाचे एक मोठे सर्वेक्षण होत आले आहे. त्यात प्रौढ माणसांना एक साधा प्रश्न विचारला जातो: एकंदरीत पाहता सध्या तुम्ही खूप सुखी आहात, बऱ्यापैकी सुखी आहात, की फारसे सुखी नाही? अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन आणि अंके प्लाग्नोल यांनी अमेरिकी सर्वेक्षणांतली अशी उत्तरे वयानुसार लावून २००८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की, तरुणपणी स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक सुखी असतात. ४१ व्या वर्षाच्या सुमारास पैशाबद्दलच्या समाधानात पुरुष पुढे जातात, ४८ व्या वर्षी एकंदर सुखाचे पारडे त्यांच्याकडे झुकते आणि ६४ व्या वर्षी कौटुंबिक आयुष्याबद्दलचे समाधानही त्यांचेच अधिक असते. या सरासरी आहेत, आणि दोहोंतले अंतर फार मोठे नाही. पण आयुष्याच्या सुरुवातीला पुढे असलेली बाजू उतारवयात मागे पडते, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

याचे स्पष्टीकरण स्त्रीच्या स्वभावात किंवा रजोनिवृत्तीत शोधण्याची आपल्याकडे फार घाई होते. या दोघा संशोधकांनी ते इच्छा आणि प्राप्ती यांच्या मेळात शोधले. चांगला संसार, मुले, स्वतःचे घर, हाताशी थोडा पैसा, या इच्छा स्त्री-पुरुषांच्या जवळपास सारख्याच असतात. त्या पुऱ्या होण्याचे वय मात्र वेगळे असते. स्त्रियांची लग्ने लवकर होतात, त्यामुळे विशीत-तिशीत त्यांना हवे ते पुरुषांच्या आधी मिळालेले असते. पुढे घटस्फोट आणि वैधव्य यांमुळे एकट्या राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढत जाते, आणि एकटेपणाबरोबर उत्पन्नही घटते. पुरुषाचा प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो.

सुखाचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो, चाळिशीच्या मध्यावर तो तळाला जातो आणि मग पुन्हा वर चढतो, असे अनेकांनी वाचले असेल. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांचे हे काम प्रसिद्ध आहे, आणि ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर थकलेल्या माणसाला त्यातून धीरही मिळतो. मात्र तो आलेख काढताना वैवाहिक स्थिती, उत्पन्न यांसारखे घटक गणिताने समान धरलेले असतात. वयाचा निव्वळ परिणाम पाहायचा असेल तर ते योग्यच आहे. परंतु कोणतीही स्त्री आपले वैधव्य आणि आपली रिकामी पासबुके वजा करून म्हातारपण जगत नाही. म्हणून ईस्टरलिन-प्लाग्नोल यांची मांडणी मला प्रत्यक्ष जगण्याच्या अधिक जवळची वाटते.

अमेरिकेतले वयाचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करणे बरोबर नाही, पण कारणे ओळखीची आहेत. तरुण पुरुषांची बाजू आधी पाहू. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा बातम्यांमध्ये त्याची गंमत झाली. मला त्यात गमतीचे काही दिसले नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, तो तिशी ओलांडतो आणि गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेने त्याच्या एकटेपणाची आठवण होते; तरुण पुरुषाचे समाधान कमी का, याचे इतके उघड उत्तर दुसरे नसेल.

उतारवयातली स्त्रीची बाजू याहून कठीण आहे. आपल्याकडे नवरा सहसा बायकोपेक्षा काही वर्षांनी मोठा असतो आणि स्त्रिया सरासरीने अधिक जगतात, त्यामुळे साठीपुढच्या विधवांची संख्या विधुरांच्या कितीतरी पट आहे. विधुराला नातेवाईक दुसऱ्या लग्नाचे सुचवतात. विधवेचे कुंकू पुसले जाते, बांगड्या फोडल्या जातात, मंगळसूत्र काढले जाते आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण बंद होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. सुखाच्या सर्वेक्षणांत ‘वैवाहिक स्थिती’ हा जो एक कोरडा रकाना असतो, त्या रकान्यात आपल्याकडे काय काय भरलेले आहे हे त्या ठरावाने उघड केले.

दुसरा धागा पैशाचा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले, अनेक गावांनी ते केलेही. आयुष्यभर ज्या रानात खुरपणी केली त्याच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असणे आणि नसणे, यांतला फरक तरुणपणी फारसा जाणवत नाही. तो नवरा गेल्यावर, मुलासुनेच्या घरात राहताना जाणवतो. माझ्या एका मावशीच्या नावावर घर होते म्हणून काका गेल्यानंतर ती त्याच घरात, आपल्या वेळी चहा करून, आपल्या इच्छेने भजनी मंडळाला जात राहिली. दुसरी मावशी, जिचा संसार तितकाच सुखाचा होता, ती तीन मुलांकडे चार-चार महिने वाटली गेली. तिला औषधासाठी पैसे मागावे लागत, आणि मागण्याआधी ती दोन दिवस गप्प असे. या दोघींच्या स्वभावात मला कधीच फारसा फरक दिसला नव्हता.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची चाल थांबलेली नाही, आणि त्या सह्या अनेकदा मागितल्या जातात त्या बहिणीच्या चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे साधारण त्याच वयात, जिथे अमेरिकेतल्या पाहणीत सुखाचे पारडे फिरते. पत्नीच्या नावे राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने करायची तर महाराष्ट्रात त्यावरचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. निवृत्तीच्या वर्षी भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम कुठे गुंतवावी, यावर घरोघरी आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. त्याच चर्चेत हे बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि बँकेतले संयुक्त खाते हे विषय बायकोसमोर, तिला कागद वाचायला देऊन, घेतले जावेत.