लीडची वही, हंगाम दुसरा: ब्रायर आमच्या गावात

ऑक्टोबर 2023 मध्ये माझ्या कर्लिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द लिहिला होता, ड्रॉ. कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ, आणि ड्रॉ म्हणजे दगड हाउसमध्ये, बर्फाच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांत, नेऊन थांबवणं. दर सरावाला वीस दगड टाकायचे आणि त्यातले किती हाउसमध्ये थांबले ते मोजायचं. पहिल्या दिवशी वीसपैकी चार. तीन तर पलीकडच्या हॉग लाइनपर्यंतही (हाउसच्या पुढ्यातली आडवी रेषा) गेले नाहीत, म्हणजे उचलून बाजूला ठेवायचे. टेकआउट, म्हणजे समोरच्याचा दगड धडक देऊन बाहेर काढणं, मला बरं जमतं. पण संघात मी लीड आहे. पहिले दोन दगड माझे, आणि लीडचं काम गार्ड, म्हणजे हाउसपुढे आडोशाचे दगड, लावणं आणि ड्रॉ करणं. हॅकपासून, म्हणजे पाय रोवायच्या आधारापासून, समोरच्या हाउसच्या मध्यापर्यंत 38 मीटरच्या वर अंतर आहे. साधारण 19 किलोचा ग्रॅनाइटचा दगड तिथे नेऊन हळूच थांबवायचा, हे दोन हंगाम झाले तरी मला सर्वांत अवघड वाटतं.

डिसेंबरपर्यंत मी स्टॉपवॉचच्या नादी लागलो होतो. नव्याने सुरू केलेल्यांसाठी सांगतो: आपल्या बाजूच्या हाउसच्या मागच्या कडेच्या बॅक लाइनपासून जवळच्या हॉग लाइनपर्यंत दगडाला जो वेळ लागतो, त्याला स्प्लिट म्हणतात. आमच्या क्लबच्या बर्फावर टी लाइनवर, म्हणजे हाउसच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर, थांबणाऱ्या ड्रॉचा स्प्लिट 3.8 सेकंदांच्या आसपास येतो, टेकआउटचा तीनच्या आसपास. दशांश सेकंदाचा फरक पडला तरी दगड काही फूट अलीकडे नाहीतर पलीकडे जातो. झाडू घेऊन दगडासोबत धावणारे दोघं हा आकडा आणि दगडाची चाल पाहून ठरवतात, घासायचं की सोडून द्यायचं.

माझा स्प्लिट ओळीने आठ-दहा वेळा 3.8 येत होता. तरी एक दगड हाउसच्या बाहेरच बसायचा आणि दुसरा हाउस पार करून जायचा. घड्याळ बिघडलंय असं वाटून दुसरं घेऊन पाहिलं. आकडे तेच, दगडही तसेच.

नाताळच्या सुट्टीत सरावाचा व्हिडिओ मिरजेला बाबांना पाठवला. बाबा तरुणपणी कॅरम खेळायचे, नंतर गल्लीतल्या स्पर्धांना पंच म्हणून बसायचे. कर्लिंगचे नियम मी त्यांना दोनदा समजावले होते, पण ते त्यांच्या फारसे लक्षात राहिले नव्हते. व्हिडिओ पाहून त्यांचा फोन आला.

‘अरे, शेवटी ढकलतोयस तू.’

‘कुठे, बाबा?’

‘हात सुटताना. बघ नीट. आमच्याकडे फाऊल दिला असता.’

कॅरममध्ये स्ट्राइकर मारायचा असतो, ढकलायचा नाही, हे त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलंय. मी व्हिडिओ अगदी हळू करून पाहिला, आणि खरंच होतं. दगड सोडताना माझं कोपर सरळ होत होतं, कधी जरासं, कधी पुष्कळ. दगड हॉग लाइनच्या आत सोडावा लागतो आणि स्प्लिट तिथेच संपतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी दिलेला तो धक्का आकड्यात जवळजवळ येतच नाही. घड्याळ माझ्या घसरण्याचा वेग मोजत होतं, दगड मात्र त्याहून जास्त वेगाने पुढे जात होता, आणि किती जास्त ते दर वेळी वेगळं. तीन महिने ज्या आकड्यावर विसंबलो, त्यात नेमकी माझी चूकच दिसत नव्हती.

जानेवारी आणि फेब्रुवारी त्या एका कोपरावर गेले. सगळा जोर हॅकमधल्या पायातून काढायचा. कोपर किंचित वाकलेलंच ठेवायचं. हँडल दहाच्या आकड्यावरून बाराकडे सावकाश वळवून सोडून द्यायचं. पहिले तीन आठवडे सगळेच दगड तोकडे पडले, कारण हातातून येणारा जोर गेला आणि पायाला अजून सवय नव्हती. 6 फेब्रुवारीला वीसपैकी सहा. वाईट वाटलं, पण निदान सगळे एकाच बाजूने चुकत होते.

आणि मग मार्चमध्ये ब्रायर रिजायनाला, मी राहतो त्या कॅनडातल्या शहरात, आली. कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1 ते 10 मार्च, ब्रँड्ट सेंटरमध्ये, घरापासून वीस मिनिटांवर. 1927 मध्ये टोरंटोत सुरू झालेल्या या स्पर्धेला ब्रायर हे नाव तंबाखूच्या एका ब्रँडवरून मिळालं. तो पुरस्कर्ता जाऊन दशकं लोटली, नाव राहिलं. अठरा संघ, नऊ-नऊचे दोन गट. या शहराचं आणि ब्रायरचं नातं जुनं आहे. एर्नी रिचर्डसनचा संघ इथलाच, त्यात त्याचा भाऊ आणि दोन चुलतभाऊ. 1959, 1960, 1962 आणि 1963, पाच वर्षांत चार वेळा त्यांनी ब्रायर जिंकली. क्लबमधले वयस्कर लोक अजूनही ‘रिचर्डसन’ म्हणताना आवाज जरा खाली आणतात.

मी चार सत्रांची तिकिटं काढली आणि ठरवलं की फक्त लीडकडे पाहायचं. शेवटचे दगड टाकणाऱ्या स्किपकडे, म्हणजे कर्णधाराकडे, सगळं स्टेडियम पाहत असतं, मी ब्रॅड गशूच्या संघातल्या जेफ वॉकरचं कोपर पाहत बसलो. आमच्या सस्कॅचवन प्रांताच्या डॅन मार्शचंही. दगड हातातून कधी सुटतो ते कळतच नाही. हात तिथेच राहतो, दगड तेवढा पुढे जातो. हॉग लाइन ते हॉग लाइन मी मोजत होतो: ड्रॉ चौदा सेकंदांच्या वर, टेकआउट दहाच्या आसपास. एकाच एंडमधले (डावातले) लीडचे दोन ड्रॉ बहुतेक वेळा दोन-तीन दशांशांत जुळत होते.

सत्र सुरू होण्याआधी बर्फ तयार करणारे पाठीवर टाकी घेऊन उलट्या पावलांनी चालत पाण्याचे थेंब शिंपडतात, ते पाहायला मी मुद्दाम लवकर जायचो. त्या थेंबांना पेबल म्हणतात. आजी पहाटे अंगणात सडा घालायची तशीच मनगटाची लय. थेंब गोठून बारीक फोड येतात आणि दगड त्यांच्या टोकांवरून घसरतो. नुसत्या सपाट बर्फावर तो इतका लांब जाणारच नाही.

रविवारच्या अंतिम सामन्यात आमचं सस्कॅचवन होतं. स्किप माइक मॅकयुअन, समोर गतविजेता म्हणून कॅनडाच्या पोशाखात गशू. सस्कॅचवनने शेवटची ब्रायर जिंकली ती 1980 मध्ये, रिक फोकच्या संघाने. स्टेडियम सस्कॅचवनच्या हिरव्या रंगाने भरलं होतं, आवाज छातीत जाणवत होता. गशूने 9-5 असं जिंकलं. स्किप म्हणून ही त्याची सहावी ब्रायर, इतक्या दुसऱ्या कुणाच्याही नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या आजी सामना संपल्यावर बराच वेळ उठल्या नाहीत. मीही बसून राहिलो. मूळचा मी मिरजेचा, पण त्या संध्याकाळी माझा संघ हरला होता.

14 मार्च, ब्रायरनंतरचा पहिला सराव: वीसपैकी नऊ. 21 मार्च: वीसपैकी अकरा, त्यातले दोन बटणाला, म्हणजे हाउसच्या मधोमधच्या लहान वर्तुळाला, टेकलेले. न थांबलेल्या नऊपैकी सात तोकडे. म्हणजे पाय अजून कमी पडतोय. उन्हाळ्यात एका पायावरचे स्क्वॉट करायचे आहेत. उजव्या हाताने टाकणाऱ्यांपैकी कुणी डाव्या बुटाला जाड स्लायडर, म्हणजे घसरायचा तळवा, लावून पाहिला असेल तर तोल सांभाळायला किती दिवस लागले ते सांगा.

महिनाअखेरीला क्लबमधला बर्फ काढतील. त्याआधी दोन सराव उरलेत. दोन्हींना घड्याळ घरी ठेवणार आहे, बाबांना पाठवायला व्हिडिओ तेवढा घेईन.