एका दांडीसाठी एकेचाळीस दिवस

माझी ॲम्बेसिडर १९७२ची, मार्क टू. दुष्काळाच्या सालातली गाडी. मामांनी ती सेकंडहँड घेतली होती, त्यांच्यानंतर माझ्याकडे परभणीला आली. मे महिन्यात एका रेल्वे फाटकावर ती पहिल्यांदा बंद पडली. फाटक उघडलं, मागून एस.टी.चा हॉर्न, आणि मी स्टार्टर मारतोय. रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात तक्रार शून्य. थांबली की मात्र हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, रेस वर-खाली व्हायची आणि इंजिन तापलेलं असलं की गपकन बंद.

ज्या गॅरेजात पहिल्यांदा नेली तिथं त्यांनी प्लग बदलले, डिलकोतले (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. तरीही थरथर जाईना, तेव्हा रेसचा स्क्रू आवळून गाडी उभ्या-उभ्या बोंबलत ठेवली आणि म्हणाले, "घ्या सर, आता नाही बंद पडत." खरंय, नाही पडली. फक्त गिअर टाकताना दात खाऊ लागली आणि पेट्रोल पिऊ लागली. कुणी तुमची गाडी रेस वाढवून परत दिली तर समजा, त्याला दोष सापडलेला नाही.

मग मी स्वतः शहाणपणा केला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरला खाली जेटचा नट असतो, तो खाली फिरवला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. मी तो षटकोनी नट दोन पैलू फिरवला. गाडी शांत झाली, मी घरात चहा मागवला. आठ दिवसांनी प्लग काढले तर चुलीतल्या कोळशासारखे काळे. म्हणजे बाहेरून घुसणाऱ्या जास्तीच्या हवेवर मी जास्तीचं पेट्रोल ओतत होतो. नट जागेवर आणला.

शेवटी जुन्या जीप-ॲम्बेसिडर करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. वय सत्तरच्या पुढं, दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि लिंबाचं झाड. त्यांनी आधी हातच लावला नाही, नुसतं ऐकलं. मग कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटानं केसभर वर दाबली. ती पिन आतलं पिस्टन उचलते. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर, इंजिन मरू लागलं तर पेट्रोल कमी. आमचं इंजिन लगेच मेलं. "हवा खा री," चाचा म्हणाले.

हवा खाणं म्हणजे काय ते सांगतो, कारण मला ते कळायला चार महिने लागले. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटलची चकती जवळपास मिटलेली असते आणि इंजिन मॅनिफोल्डमधून जोरात ओढत असतं. तेव्हा लागणारी हवाच एवढी थोडी असते, की कुठल्या सांध्यातून केसाएवढ्या फटीनं आणखी हवा घुसली तरी मिश्रण पातळ होतं. रस्त्यावर चकती उघडली की मुबलक हवा कार्ब्युरेटरमधूनच येते, मग त्या फटीला कोण विचारतो? म्हणून पळताना वाघ आणि फाटकावर मांजर.

या १४८९ सीसी इंजिनाच्या हेडला हवा आत घ्यायची दोनच तोंडं आहेत. एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरचं मिळून एक, तीन-चारचं दुसरं. चाचांनी प्लग काढून ओळीनं मांडले. पहिले दोन पांढुरके, म्हणजे हवा जास्त; मागचे दोन चांगले विटकरी. म्हणजे पुढच्या तोंडापाशी गळती. थंड इंजिन सुरू करून पिचकारीनं त्या सांध्यावर पाणी मारलं, आणि दोन सेकंद आवाज बदलला, कारण पाण्यानं फट तेवढ्यापुरती बुजली. पाणीच मारा. मला एकानं सिरिंजनं पेट्रोल मारायला सांगितलं होतं. या इंजिनात सायलेन्सरचा मॅनिफोल्ड त्याच बाजूला, कार्ब्युरेटरच्या खालीच तापत असतो, गाडीसकट मिशाही जातील. गॅस्केट बदललं, नट सारखे आवळले, अर्धा त्रास गेला.

उरलेला अर्धा थ्रॉटलच्या दांडीत होता. चकती ज्या आडव्या दांडीवर फिरते ती चाचांनी वर-खाली हलवली, तर चक्क खडखड. पन्नास वर्षं ॲक्सिलरेटर दाबून कार्ब्युरेटरच्या बॉडीतली तिची भोकं लांबुळकी झाली होती. चाचांनी दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस फासलं आणि म्हणाले, "अब सुनो." इंजिन शिलाई मशिनीसारखं चालू लागलं. दहा मिनिटांत ग्रीस आत ओढलं गेलं आणि थरथर परत आली. एवढ्या स्वस्तात दोष सिद्ध झालेला मी दुसरा पाहिला नाही. आता फक्त बॉडीची भोकं मोठी करून पितळी बुश, म्हणजे दांडीभोवतीच्या नळ्या, बसवायचे. लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम.

कार्ब्युरेटरची बॉडी मी लेथवर दिली घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. इथं मी चुकलो, आणि कुठं चुकलो ते मराठवाड्यातल्या कुणालाही लगेच कळेल. तेव्हा सोयाबीन काढणी सुरू झालेली असते. लेथसमोर मळणी यंत्रांचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे हब, पंपांच्या पुल्या अशी रांग. आभाळ भरून आलेलं, शेतकरी घायकुतीला, त्यात मी एक मास्तर, मूठभर ॲल्युमिनियम घेऊन. मालकानं बॉडी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली, वर खडूनं 'सर' लिहिलं आणि डबा फळीवर सरकवला. "रविवारी या."

रविवारी डबा तिथंच. "लाईट नव्हती, सर." बुधवारी, "पितळाचा रॉड आणायचाय." दसऱ्याला मशिनला हार घातलेला, त्या दिवशी लेथ चालवत नाहीत म्हणे, हे मला मान्य. त्यानंतरच्या सोमवारी, "रीमर नांदेडला धार लावायला गेलाय." रीमर म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार. मी दर तिसऱ्या दिवशी जायचो. चहा मिळायचा, बसायला स्टूल मिळायचं, एकदा तर त्याच्या पोराचं गणितही सोडवून दिलं. "करू लालोय ना सर, तुमचंच काम हातात घेऊ लालोय," असं म्हणत तो मळणी यंत्राचा शाफ्ट चढवायचा. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला ऐकवलं, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मला हसू आलं नाही.

तिसाव्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, त्यानं पहिल्यांदा डबा उघडून मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला, "सर, दांडी पण घासलीय. नुसते बुश घालून उपयोग नाही." हे बघायला एक मिनिट लागलं. ते मिनिट त्याला पहिल्या दिवशी मिळालं नव्हतं. खरं तर मलाही कळायला हवं होतं: भोक झिजतं तशी दांडीही त्याच जागी झिजते. दोन्ही एकदमच करा. नवी दांडी ऑनलाइन मागवली, दिल्लीहून चार दिवसांत दारात. घरापासून दोन किलोमीटरवरची बॉडी यायला त्यानंतरही आठवडा लागला.

कार्तिकी एकादशीला, उपाशीपोटी, मी लेथसमोर स्टूल टाकून बसलो आणि उठणार नाही म्हणालो. त्यानं मुकाट्यानं बॉडी चढवली. दोन्ही भोकं एका सरळ रेषेत राहावीत म्हणून एकाच बैठकीत रीमर आरपार घातला, बुश दाबले, दांडी सरकवली. बोटानं फिरते, वर-खाली हलत नाही. घड्याळ बघितलं: पंचवीस मिनिटं. माणूस हातानं सोनं आहे, हे लिहितानाही दातओठ खातोय.

जोडताना चकतीचे दोन बारीक स्क्रू नवेच घ्या. त्यांची टोकं चिरलेली असतात, आवळल्यावर ती फाकवायची असतात. विसरलात आणि स्क्रू ढिला होऊन इंजिनात गेला तर मग हेडच उघडा. चकती कुठल्या तोंडानं बसली होती तेही काढण्याआधी खुणेनं लिहून ठेवा. मी मोबाइलवर फोटो काढला होता, तो अंधारात आलेला. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: कार्ब्युरेटरच्या वरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे आतलं पिस्टन जिथं वर-खाली होतं त्या टोपीत, पातळ तेल आहे का बघा. माझा कोरडा होता. त्यानं उभ्या गाडीची थरथर होत नाही, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जी आचके देते ती त्यामुळे, आणि मी तोही दोष सहा महिने प्लगवर ढकलत होतो. सगळं बसल्यावर नट परत जुळवावा लागतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, त्यानं मिश्रण आणखी पातळ होतं. माझा एक पैलू खाली गेला.

लेथचं बिल तीनशे रुपये झालं. माझ्याकडे पाचशेची नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते. "उरलेले रविवारी घेऊन जा, सर," म्हणाला. तीन रविवार झाले.