तुम्ही विचारलंत म्हणून: यातून पैसे वाचतात किती?

सोसायटीच्या हॉलमधल्या, स्मृतिभ्रंश टाळण्यासाठीच्या आमच्या ज्येष्ठांच्या वर्गासाठी देणगी मागायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. रक्तदाब मोजता, कान तपासता, चालायला लावता. पण स्मृतिभ्रंश किती जणांचा टळला?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा 2024 चा अहवाल सांगतो की जगातल्या सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंशामागे आटोक्यात आणता येणारी कारणं आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, एकटेपणा धरून चौदा. आमच्या हॉलमधल्या कुणाचा टळला, ते मात्र सांगता येत नाही. न घडलेल्या गोष्टीचं व्हाउचर फाडता येत नाही हो.

मी हिशेब तपासायचे. त्या खुर्चीत असते तर हेच विचारलं असतं. आता माझ्यातल्या त्या बाईशीच माझं भांडण आहे.

माझ्या आईला हाच आजार. तिची सही जुळेना म्हणून चेक परत आला. तिच्याच पैशांतून, तिला सांभाळायला ब्युरोतून आलेल्या बाईचा पगार द्यायचा होता. तिला घेऊन बँकेत गेले. साहेब भले, कोरा कागद दिला, मग दुसरा, तिसरा. प्रत्येकावर आईनं माहेरचं नाव लिहिलं, अगदी वळणदार. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आता मिळतील ना हो पैसे?" मला म्हणाली. मागची रांग चुळबुळत होती. पुढे वकील, कोर्ट, पालकत्वाचा अर्ज. तोवर पगार माझ्या खात्यातून, आणि तिच्यासाठी नोकरी सोडल्यानं त्यात नवीन काही जमा होत नव्हतं.

हे कुठल्या रकान्यात लिहू? 2019 मध्ये या आजाराचा जगभरातला खर्च 1.3 लाख कोटी डॉलर होता, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यातला जवळपास निम्मा घरच्यांच्या बिनपगारी सेवेचा. वाचलं किती विचारता, तर कुणाचं तेही सांगा: सरकारचं, विमा कंपनीचं की लेकीसुनांचं?

तरी खोटं बोलणार नाही. फिनलंडच्या 'फिंगर' चाचणीत साठी ते सत्त्याहत्तरीच्या 1,260 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव, रक्तदाबावर लक्ष असं सगळं दिलं. बुद्धीच्या चाचण्यांत ते इतरांपेक्षा अधिक सुधारले. पण आजार टळला, असं तेवढ्यावरून म्हणता येत नाही. आणि आजार लांबला, आयुष्यही लांबलं, तर खर्च वाचला की नुसता पुढे ढकलला? जुन्या खुर्चीतली बाई हे विचारते तेव्हा मी गप्प बसते.

यंदा पैसे कमी, म्हणून रक्तदाब आणि कानांची तपासणी ठेवली, बुद्धीचे खेळ बंद केले. मंडळी चिडली आहेत. एका आजोबांनी तर येणंच सोडलंय.